दोघांची होडी

मित्रांनो, तळ्याच्या काठाला बांधलेली, पोपडे उडालेली एक होडी तुम्ही येता-जाता पाहता ना, ती मी. माझा मूळ रंग निळा होता. आता तो फक्त बाकाच्या खालच्या अंगाला, जिथे ऊन पोचत नाही, तिथे उरला आहे.

मला एका म्हाताऱ्या सुताराने घडवले. त्याने माझ्या फळ्या वाफेवर वाकवल्या, सांध्यांत सुताचे पीळ ठोकून बसवले आणि वरून डांबर दिले. निरोप देताना तो माझ्या मालकांना म्हणाला, हिला कोरडी पडू देऊ नका. लाकूड ओले असले की फुगते आणि सांधे मिटलेले राहतात.

माझे मालक दोघे होते. एक घड्याळजी, दुसरे बेकरीवाले. शाळेपासूनचे मित्र. घड्याळजी सडपातळ आणि अबोल. बेकरीवाले गोलमटोल, त्यांच्या तोंडाला कुलूप म्हणून नव्हते. "याला दोनच काटे कळतात, घड्याळातला आणि माशातला," असे ते भेटेल त्याला सांगत, आणि घड्याळजी गालात हसत.

उन्हाळ्यात तळ्यावर सगळेच येत, पण माझ्या मालकांचा खरा हंगाम थंडी सरताना सुरू व्हायचा. तेव्हा खोल पाणी अजून गारठलेले असते आणि मासा तळाशी सुस्त पडून असतो. पहाटे गळ टाकून काही उपयोग नसतो. घड्याळजी दुकान दुपारी बंद करून येत, बाही सारून मनगट पाण्यात बुडवत आणि थोडा वेळ तसेच बसत. मग म्हणत, "अजून नाही." किंवा म्हणत, "चल, पलीकडे." पलीकडच्या काठाला पाणी उथळ आहे, खाली काळा गाळ आहे, तो ऊन धरून ठेवतो. लागोपाठ काही दिवस ऊन पडले आणि वारा त्या दिशेने वाहिला की कोमट पाणी तिथे जमते, आणि मासे खोलातून लव्हाळ्यात येतात. बेकरीवाल्यांना यातले काही कळत नसे. ते वल्ही मारत, बोलत राहत आणि पिठाच्या वासाचे हात माझ्या काठाला पुसत. मला ते दिवस फार आवडायचे.

वसंतात मासे लव्हाळ्यात येतात ते अंडी घालायला. म्हणून दोघांचे ठरलेलेच होते की पोटुशी मासळी गळाला लागली तर सोडून द्यायची.

एका वर्षी बेकरीवाल्यांच्या मुलीचे लग्न जुळत होते. संध्याकाळी व्याही जेवायला यायचे होते, आणि तळ्यातला ताजा मासा खाऊ घालीन असे बेकरीवाले त्यांना बोलून बसले होते. दुपारभर काही लागले नाही. उन्हे कलता कलता त्यांच्या गळाला एक मोठी मासळी लागली. पोट अंड्यांनी तट्ट फुगलेले. बेकरीवाल्यांनी ती टोपलीत टाकली. घड्याळजींनी टोपलीकडे पाहिले, मग मित्राकडे पाहिले, आणि ती उचलून अलगद पाण्यात सोडली.

बेकरीवाल्यांचा तोल गेला. ते म्हणाले, "तुझं काय जातंय? तुझ्या घरी ना मूल ना बाळ. तुला काय कळणार?"

मित्रांनो, घड्याळजी आणि त्यांच्या पत्नीने मुलासाठी किती वैद्य-डॉक्टर केले होते, हे बेकरीवाल्यांइतके कोणालाच ठाऊक नव्हते. शब्द निघून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला. घड्याळजींनी वल्ही हातात घेतली आणि होडी काठाला आणली. उतरताना माझा दोर नेहमीसारखा नीट बांधला आणि चालू लागले.

त्यानंतर कोणीच आले नाही. थंडी आली तेव्हा कुणीतरी मला ओढून काठावर पालथे घातले. पुढच्या वसंतात मला वाटले, आता येतील. पाणी कोमट झाले, लव्हाळे हलू लागले, मासे उड्या मारू लागले. बेकरीवाले पावांची टोपली घेऊन सायकलवरून रस्त्याने जात, माझ्यासमोर आले की वेग कमी करत, आणि पुढे निघून जात. एकदा घड्याळजीही आले. त्यांनी माझ्या सांध्यावरून अंगठा फिरवला. माझ्या फळ्या एव्हाना सुकून फाकल्या होत्या. थोडा वेळ उभे राहून ते परत गेले. असे कितीतरी वसंत सरले.

अखेर गेल्या थंडीच्या शेवटी बेकरीवाले डांबराचा डबा घेऊन आले. आता ते म्हातारे झाले होते, खाली बसायला त्यांना माझ्या काठाचा आधार लागे. सोबत त्यांची पत्नी होती. ती म्हणाली, आधी जाऊन भेटून तर या. त्यावर ते म्हणाले, "रिकाम्या हातांनी कोणत्या तोंडाने जाऊ? होडी तयार झाली की सरळ जाऊन सांगतो, चल, पाणी चांगलं आहे."

ते रोज येऊन थोडे थोडे काम करत. जुने पीळ उपसले, नवे ठोकले. मग मला पाण्यात लोटून दोर बांधला. मी गळू लागले. लाकूड फुगायला वेळ लागतो. ते रोज माझ्यातले पाणी उपसून टाकत आणि मित्राकडे जाणे उद्यावर ढकलत. मी जीव तोडून पाणी पीत होते, पण लाकडाला घाई करता येत नाही.

सांधे मिटले त्या दिवशी घड्याळजींची पत्नी तळ्यावर आली. बेकरीवाले उभे राहिले. तिने सांगितले की आठवड्यापूर्वी यांचे अर्धे अंग गेले, आणि वाचाही. डोळे उघडे असतात, पण कितपत कळते ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

बेकरीवाले माझ्या काठाला धरून हळूच खाली बसले. मग त्यांनी विचारले, "वहिनी, माझ्याबद्दल कधी काही बोलायचा?"

"नाही हो भावजी. पण दरवर्षी या दिवसांत खिडकीत उभे राहून वारा बघायचे. म्हणायचे, आज लव्हाळ्यात मासा आला असेल. मी म्हणायची, मग जा की. तर म्हणायचे, होडी दोघांची आहे."

बेकरीवाल्यांनी डोळ्यांना हात लावला. "मीपण घरी हेच म्हणत होतो," ते म्हणाले.

आता ते दर आठवड्याला मित्राच्या उशाशी जाऊन बसतात. आधी इथे येतात, जमत नसले तरी मनगट पाण्यात बुडवतात, वारा पाहतात आणि तिकडे जाऊन सगळे सांगतात, असे त्यांच्या पत्नीच्या बोलण्यातून कळले. माफीही मागून झाली आहे. ती पोचली की नाही, हे त्यांना कधीच कळणार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा तुम्हाला विनवतात की आम्हाला जपा, आमची डागडुजी करा. मी तसे म्हणणार नाही. मी गळकी असेन, फुटकी असेन, तरी काठावर पडून राहीन. माझे काम पुढच्या वसंतात झाले तरी चालेल. तुम्ही आधी माणसाकडे जा. रिकाम्या हातांनी जा.