भिंतीपलीकडची वायर

धाकटीला बोलता येतं, हे प्रशिक्षणाच्या पहिल्याच दुपारी सगळ्यांना कळलं. विजेचे दर आणि नियम ठरवणाऱ्या आयोगापुढे सुनावणी व्हायची होती. तिथे आपलं गाऱ्हाणं आपणच मांडायचं, म्हणून वस्तीवस्तीतून निवडलेली माणसं शाळेच्या रिकाम्या वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: एक घर दाखवा.

“आकडे आमचे वकील सांगतील,” त्या म्हणाल्या. “तुम्ही माणूस दाखवा. पण ज्याचं घर, त्याला आधी विचारा. न विचारता कुणाच्या घरचं झाकण उघडायचं नाही.”

धाकटी उभी राहिली. तिचं इस्त्रीचं दुकान. मनगटावर चटक्यांचे डाग, पण गळा देवानं असा दिलेला, की ऐकणाऱ्यानं हातातलं काम सोडावं. तिनं एक घर उभं केलं. दम्यानं थकलेली म्हातारी, वाफ देणारं मशीन, बिल थकलं म्हणून तोडलेली वीज, आणि उशांना टेकून धापा टाकणाऱ्या सासूला पुठ्ठ्यानं वारा घालणारी सून. कुणीतरी नाक ओढलं. मॅडमनी डोळे टिपले.

“हेच तिथे बोला. विचारलंय ना त्यांना?”

“घरातलीच माणसं आहेत हो, मॅडम. त्यांना काय विचारायचं!”

घरातलीच होती, हे खरं. ते घर तिच्या भिंतीपलीकडचं, थोरल्या जावेचं. आणि म्हातारी धाकटीचीही सासूच.

सगळं सांगितलं तिनं, तेवढं एक सोडून. वीज तोडली त्या दिवशी थोरली दुकानात आली होती. “अगं, भिंतीवरून एक वायर दे. मशीनपुरती. आईंना धाप लागलीय.”

धाकटी शर्टावर पाणी शिंपडत होती. “ताई, शेजाऱ्याला वीज दिली तर माझंही मीटर काढून नेतील. दुकान आहे माझं.”

तसा नियम होताच. पण मान वर न करता बोलावं, असं काही नियमात नव्हतं.

तेव्हापासून थोरली एका काखेत मशीन आणि दुसऱ्या हातानं सासू, अशी दवाखान्यातल्या प्लगपर्यंत चालत जाई. रस्ता दुकानासमोरूनच. त्या दोघी दिसल्या की धाकटीच्या इस्त्रीखाली एकही सुरकुती नसलेला कपडासुद्धा पुन्हा पुन्हा दाबला जाई.

सुनावणीला बोलणारे मॅडमबरोबर आधीच पुढे गेले; मागून वस्तीची बस भरून माणसं आली. मागणी साधी होती: ज्या घरात श्वासाचं मशीन आहे, त्या घरची वीज तोडू नये. धाकटी माइकपुढे उभी राहिली, आवाज लागला, आणि पुठ्ठ्याच्या वाऱ्यापाशी येऊन तिनं नजर उचलली, तर शेवटच्या रांगेत थोरली! ठेवणीतले कपडे घालून, जावेचं भाषण ऐकायला आलेली. तिच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू विझत होतं.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “ऐकून वाईट वाटलं, बाई. पण मला एक सांगा, शेजारीपाजारी कुणी नव्हतं? तात्पुरती सोय झालीच असेल ना?”

धाकटीनं मनगटावरचा डाग चोळला.

“झाली होती, साहेब,” मागून आवाज आला. थोरली उभी होती. “ते घर माझं. शेजारी जाऊ राहते माझी. तिनं दिली वायर.”

तिनं धाकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. देवा, शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या. ही माया कुठे ठेवायची?

“म्हणजे मशीन बंद पडलं नाही,” अध्यक्ष कारकुनाला म्हणाले. “सोय होती, असं लिहा.”

“आमचं म्हणणं तेच आहे, साहेब,” वीज कंपनीचे वकील पटकन बोलले. “लोक एकमेकांना सांभाळून घेतात. नियम बदलायची गरज नाही.”

मॅडमचा चेहरा उतरला. धाकटीनं माइकचा दांडा धरला. गप्प बसली असती तर वस्तीत तिची मान ताठ राहिली असती, आणि मशीनवर जगणाऱ्या सगळ्या घरांची मागणी तिथेच बुडाली असती.

“साहेब, ते लिहू नका. वायर दिली नाही.”

“कुणी दिली नाही?”

“मी. ती जाऊ मीच. सासू माझीपण.”

“मग मघाशी का सांगितलं नाहीत?”

“लाज वाटली.” तिनं माइक जवळ ओढला. “मीटर जाईल ही भीती होती. अजून आहे. तुमच्या नियमानं वीज फक्त एका घरची तुटली, साहेब. दोन घरांमधलं नातं मी तोडलं.”

“बोलायला मात्र पुढे!” कुणीतरी कुजबुजलं. टाळी एकही पडली नाही. अध्यक्षांनी आधीची ओळ खोडायला सांगितली आणि निर्णय राखून ठेवला.

बसमध्ये थोरलीशेजारी जागा होती, पण तिथे तिची पिशवी होती. धाकटी दांडा धरून उभी राहिली.

“झाकलं होतं ना मी?” थोरली खिडकीकडे बघत म्हणाली.

“मागणी बुडाली असती, ताई.”

“असती. पण मला आधी विचारायला काय झालं होतं? मीच येऊन सांगितलं असतं. आणि पुठ्ठ्यानं नाही घालत वारा, ताटलीनं घालते. पुठ्ठा कधीच मोडला. येऊन बघितलं असतंस तर कळलं असतं.”

बसनं वळण घेतलं. “उद्यापासून आईंना दवाखान्यात मी नेते,” ती खालच्या आवाजात म्हणाली.

थोरलीनं पिशवी उचलून मांडीवर घेतली. “ने. मशीन डाव्या काखेत धर. उजव्या बाजूला त्यांचा भार येतो.”

धाकटी बसली. पण सीटच्या कडेवरच, अर्धी.