पाचव्या महिन्याचं माप

युनिफॉर्म शिवायच्या त्या कारखान्यात ती होती साधी बटणवाली. पण मापाचा लाकडी पुतळा मोडला आणि कापणाऱ्या मास्तरांनी तिलाच उभं केलं, कारण मधला नंबर तिला अगदी बेतल्यासारखा बसायचा. तेव्हापासून प्रत्येक नमुना आधी तिच्या अंगावर चढायचा, आणि नाव पडलं बाहुली.

आणि नेमकी बाहुलीच पोटुशी राहिली. लग्नाचा पत्ता नाही. पोराचा बाप ट्रक घेऊन गेलेला, फोन लावला की हा नंबर अस्तित्वात नाही.

"नंबरचं सोड," आई म्हणाली, "माणूस तरी होता का गं?"

बाहुलीला घोर एकच. मालकीणबाईंना कळलं की नोकरी गेली, मग आई, ती आणि येणारं, तिघांनी हवा खायची. या बाईंनी एकीला नुसतं गुणगुणते म्हणून काढलेलं. म्हणून मास्तर टेप गुंडाळायला लागले की बाहुली पोट पाठीला चिकटवून उभी. मास्तर तोंडाकडे बघायचेच नाहीत, नुसते आकडे पुटपुटायचे. अशा थाटात बँकेतल्या बायकांचे दोनशे शर्ट शिवून गेलेसुद्धा.

पुढच्या आठवड्यात बाहुली शिंकली. तिच्याच शर्टाचं बटण उडालं ते थेट मालकीणबाईंच्या चहात.

"हे काय?"

"बटण."

"ते दिसतंय. बटणामागे काय?"

"पोर."

"कुणाचं?"

"माझंच की."

"उद्यापासून येऊ नकोस."

तेवढ्यात फोन वाजला. बँकेच्या मोठ्या बाई. शर्ट परत येणार म्हणून मालकीणबाईंचा चेहरा पडला. पण फोनवरची बाई खुशीत: एवढ्या वर्षांत पहिल्यांदा खुर्चीत बसून श्वास घेता येतोय, सगळ्या शाखांना हेच माप द्या, पँटपण याच मापाची.

"मास्तर, हे माप कसलं?"

"पाचव्या महिन्याचं," मास्तर खडूने रेघ मारत म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"टेप काय आंधळी असते? ही श्वास धरायची, मी दोन इंच वाढवायचो."

बाहुलीचा आ वासलेला.

"बरं, शर्टाचा नमुना आहे ना? मग हिला जाऊ दे."

"आणि पँट काय तुमच्यावर बेतू? ही सहाव्यात गेलीय. रोज माप पुढे सरकतंय."

मालकीणबाईंनी चहातलं बटण काढलं, पुसलं, तिच्या हातात दिलं.

"उभी राहा. आणि पोट आत घेऊ नकोस, माप बिघडेल."

मुलगी झाली, छकुली. मापाचं नावही तेच पडलं, कॉलरच्या लेबलावर छापून. शाळेत एका आगाऊ पोराने विचारलं, तुला बाप नाही का गं? छकुली म्हणाली, "नाही. तुझी आई कुठलं माप घालते?"

त्याने घरी जाऊन आईची कॉलर उलटी करून बघितली. लेबलावर छापलेलं: छकुली. परत बापाचा विषय काढला नाही.