एक्केचाळीस पानांची दुपार

मित्रांनो, कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात, कपाटावर धूळ खात पडलेलं जुनं फॅक्स मशीन म्हणजे मी. १९९४ साली देवजीशेठनी मला आणलं, तेव्हा हार घालून माझ्यापुढे नारळ फोडला होता. शेठ खाडीकाठच्या गावचे. भातशेती गेली आणि त्यांनी ट्रक घेतले. ते येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगत, "कागद इथंच रातो आनि मद्रासला पोचतो पन!"

पुढे नाझियाबाई येऊ लागल्या. त्या जवळच्या शाळेत पाचवीला शिकवायच्या. शेठची नमिता त्यांच्याच वर्गात होती. नोकरी सांभाळून बाई घरबसल्या इंग्लंडच्या एका विद्यापीठाची एम.एड. करत होत्या. शाळा सुटली की त्या शंका पाठवायच्या, आणि दोन-चार दिवसांनी प्राध्यापकांचं उत्तर माझ्यातून बाहेर यायचं. खडूनं पांढरी झालेली त्यांची बोटं मला फार आवडायची.

१९९७ च्या सप्टेंबरात एका दुपारी बाई धापा टाकत आल्या. कुरियरनं पाठवलेला त्यांचा प्रबंध वाटेत गहाळ झाला होता. आजच्या आज फॅक्सनं पोचला तर ठीक, नाहीतर वर्ष वाया.

"काका, एक्केचाळीस पानं आहेत. दीड-दोन तास लाइन अडेल."

ऑफिसात लाइन एकच. पुण्याच्या व्यापाऱ्याचा फोन यायचा होता, बाहेर तीन ट्रक भरून उभे होते.

"आज नाय जमनार, बाई," शेठ म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं. "एवढं लिवलंय काय यात?"

बाईंनी एक पान पुढे केलं. इंग्रजी मजकुरात मधेच एक मराठी ओळ होती : 'माजे बाबांचा आवाज मोठा हाय.'

"आयला, ही तर आमची नमी!"

"तिचंच वाक्य आहे. मुलं घरची बोली वर्गात बोलली तर हसायचं नाही, त्या बोलीचाच हात धरून त्यांना पुस्तकाच्या भाषेकडे न्यायचं, असं मी मांडलंय."

शेठनी त्या ओळीवरून हलकेच बोट फिरवलं.

"मी 'हाय' बोललो तवा गुर्जींनी आख्ख्या वर्गाला हसवलं होतं. चौथीतनं घरी आलो तो परत गेलोच नाय." मग त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली. "दत्तू, बूथवरनं पुन्याला फोन लाव. सांग, गाड्या उशिरा निंगतील!"

मी कामाला लागलो. एकविसाव्या पानाला लाइन तुटली, बाविसावं पान माझ्या पोटात अडकलं. शेठनी झाकण उघडून ते अलगद सोडवलं. मी तापलो, पण थांबलो नाही. सव्वापाचला शेवटचं पान गेलं, आणि बाई स्टुलावर बसून रडल्या.

दोन महिन्यांनी निकालही माझ्यातूनच आला. कारकुनानं वाचून दाखवताच शेठ स्वतः कागद घेऊन शाळेत निघाले. दत्तू सांगत होता, शेठनी चपला बाहेर काढल्या, वर्गाच्या दारात उभे राहिले आणि ओरडले, "पोरांनो, तुमच्या बाई पास झाल्या!"

पुढे कॉम्प्युटर आला आणि मी कपाटावर गेलो. परवा बाई शेठना भेटायला आल्या होत्या. निकालाचा तो कागद पार कोरा झालाय, म्हणून हळहळत होत्या. आमच्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं उन्हानं विटतात, मित्रांनो. तुमच्या घरी कुणाच्या कष्टाचा असा कागद असेल, तर आजच त्याची झेरॉक्स काढून ठेवा. आणि जमलं तर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांवरून अधूनमधून एक फडकंही फिरवा.