उप्सालाहून थेट

दीप्तीने एसी सोळावर टाकला आणि ऋचाच्या गळ्यात मफलर गुंडाळला. पडदे आधीच ओढून घेतले होते. सिंगापुरात, सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये धडधाकट मुलीने स्वेटर घालून बसावं, हा प्रकार तिलाही थोडा चमत्कारिक वाटत होता. पण आता माघार घ्यायची म्हणजे चारचौघांत नाक कापून घ्यायचं. त्यापेक्षा मुलगी गारठलेली बरी.

"टोपी पण घाल."

"आई, तिकडे घरात कोणी टोपी घालत नाही. घरं गरम असतात."

"बघणाऱ्यांना काय माहीत?"

ऋचा इथल्या युनिव्हर्सिटीतून जानेवारीत एक्स्चेंजवर स्वीडनला, उप्सालाला गेली होती. जूनपर्यंत राहायचं होतं. चांगी एअरपोर्टवर दीप्तीने निरांजन लावून औक्षण करायला घेतलं, तेव्हा सिक्युरिटीवाल्याने धावत येऊन ते विझवायला लावलं; पण त्याआधीचे फोटो मराठी मंडळींच्या ग्रुपवर पोचलेही होते. त्याच दिवशी ग्रुप चालवणाऱ्या पद्माकरकाकांनी जाहीर करून टाकलं, की मार्चमध्ये ऋचा आपल्या मुलांना 'थेट उप्सालाहून' मार्गदर्शन करणार.

आणि फेब्रुवारीत ऋचा परत आली. नापास झाली नव्हती, काही भानगड नव्हती. दुपारीच अंधार पडायचा. होस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात जो तो आपलं पातेलं घेऊन यायचा आणि जेवण घेऊन आपल्या खोलीत जायचा. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. कोणी काही वागलंच नाही. पुढे पुढे ती लेक्चरला जाईना, मग खोलीतूनच बाहेर पडेना. एक दिवस बाबांना फोन करून ती नुसती रडली, आणि शिरीषने तिकीट काढलं.

"जूनपर्यंत कोणाला कळायचं नाही," दीप्ती म्हणाली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या मुठीत आपण पोटची पोर कोंडतोय, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. तेव्हापासून ऋचा मास्क लावून खाली उतरायची आणि लिफ्टमध्ये मराठी कानावर आलं की मधल्याच मजल्यावर बाहेर पडायची. आज शिरीष "मला हे बघवणार नाही" म्हणून ईस्ट कोस्टला सायकल चालवायला निघून गेला होता. बघवत नाही तर थांबव की! पण नाही. अशी बघवत नसलेली माणसं घरोघरी असतात.

लॅपटॉपवर चौकोनांत चेहरे उगवले. इथली संध्याकाळ म्हणजे तिथली दुपार, हा हिशेब दीप्तीने चोख केला होता.

"सगळ्यांनी म्यूट करा," पद्माकरकाका म्हणाले. "ज्याला प्रश्न असेल त्याने हात वर करावा. बोल, ऋचा."

ऋचा बोलली. लायब्ररी, बर्फ, प्रोफेसरांना नावाने हाक मारायची पद्धत. दीप्ती कॅमेऱ्याच्या बाहेर उभी राहून मान डोलवत होती. पोरगी छान बोलत होती, आणि तेवढ्यापुरतं दीप्तीलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

मग ग्रुपमधल्या सुरेखाच्या मुलीने, चैत्रालीने, हात वर केला. तिला ऑगस्टमध्ये उप्सालालाच जायचं होतं.

"ऋचाताई, खरं सांग हं. तिकडे खूप एकटं वाटतं का? मला रोज वाटतं, नकोच जायला. पण आईने सगळ्यांना सांगून ठेवलंय."

दीप्तीने दोन्ही हात जोरजोरात हलवले. नाही म्हण, नाही म्हण.

"नाही गं," ऋचा म्हणाली. "मस्त आहे. सवय होते."

आणि खिडकीखालच्या झाडावरून कोकीळ ओरडला. सिंगापुरातला कोकीळ, तो काय हळू ओरडणार! एकेक कुहू आधीच्याहून वर चढवत त्याने सगळी खोली दणाणून सोडली. बाकी सगळे म्यूटवर होते. आवाज कुठून येतोय ते दाखवणारी पिवळी चौकट फक्त ऋचाच्या चेहऱ्याभोवती उमटली होती.

कोणी हसलं नाही. हसले असते तरी परवडलं असतं. सुरेखाने नजर खाली वळवली. पद्माकरकाका चष्मा काढून पुसत बसले.

"वा," शेवटी काकाच म्हणाले, "तिकडेही पक्षी बरेच आहेत वाटतं."

म्हाताऱ्याने सांभाळून घेतलं. दीप्तीचा जीव भांड्यात पडला. तिने खूण केली, हो म्हण.

ऋचाने मफलर काढला. "नाही काका. मी सेम्बावांगला आहे. महिना झाला परत येऊन. चैत्राली, ऐक, मी आत्ता खोटं बोलले. तिकडे मला…"

पडद्यावरचे सगळे चेहरे जागच्या जागी थिजले. दीप्तीने राउटरचा प्लग उपटला होता. कधी उपटला, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"आय वॉज टॉकिंग टू हर, आई!"

"सगळ्यांसमोर? अगं, उद्या मी कुठल्या तोंडाने…"

"तिकडे मला लाज नव्हती वाटत," ऋचा म्हणाली. तिचा आवाज चढलाही नाही. "एकटं वाटायचं, रडू यायचं. पण लाज इथे आल्यावर वाटायला लागली. तू दार उघडलंस ना, तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी कॉरिडॉरमध्ये कोण आहे ते बघितलंस."

खरं होतं. दीप्तीला ते आठवत होतं. शेजारच्या बाई कपडे वाळत घालत होत्या म्हणून तिने ऋचाला बॅगेसकट आत ओढलं होतं. जवळ घ्यायचं राहूनच गेलं होतं.

फोन वाजला. सुरेखा.

"दीप्ती, चैत्राली रडायला लागलीय गं. तिला ऋचाशी बोलायचंय. देतेस?"

कुठे आहे, का आली, काही विचारलं नाही. दीप्तीच्या जिभेवर सबबी तयार होत्या. महिनाभर दुसरं केलं काय होतं?

"देते," ती म्हणाली आणि फोन पुढे केला.

खोली इतकी शांत होती की पलीकडचं चैत्रालीचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. "ताई, काकू रागावल्या का तुझ्यावर? त्यांनीच बंद केलं ना?"

ऋचाने आईकडे बघितलं. प्लग अजून आईच्या हातात होता.

"छे गं, नेट गेलं," ऋचा म्हणाली. "आईनेच तर सांगितलं होतं मला, जे काय असेल ते खरं बोल म्हणून."

महिनाभर जिच्या पायी पोरीला लपवून ठेवलं, ती अब्रू आज त्याच पोरीने राखली होती, आणि तीही खोटं बोलून. दीप्तीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.