फोरमला रंग चढले

मी चौथी शिकले, त्यातली निम्मी खडकीच्या शाळेत वर्गाबाहेर उभी राहून. पण माझ्याच घरात बसून माझ्या सुनेला कुणी शहाणपण शिकवायला लागलं, तर तेवढी चौथी मला पुरते.

त्या रविवारी श्रीनिवासराव आले. प्रोग्राम लिहिणाऱ्या पोरापोरींसाठी त्यांनी इंटरनेटवर फोरम काढला होता. कुणी अडलं की आपला कोड तिथे टाकायचा, जाणत्यांनी उत्तर द्यायचं. राबायचं मात्र आमच्या सुनेने, दीपमालाने; उत्तरंही बहुतेक तीच द्यायची. तीन आठवडे खपून तिने एक सोय केली होती: फोरमवरचा कोड आपोआप रंगीत दिसेल अशी. हुकमाचे शब्द निळे, अवतरणातला मजकूर हिरवा. ती सोय सुरू करायची की नाही, ते आज ठरायचं होतं.

"रांगोळी नको, दीपमाला. गंभीर फोरम आहे आपला," श्रीनिवासराव म्हणाले. "पंधरा वर्षं काळ्या पडद्यावरच्या पांढऱ्या अक्षरांत काम केलंय. माझं काही अडलं नाही."

"तुमचं नाही. विचारणाऱ्यांचं अडतं." तिने एका विद्यार्थिनीचा कोड उघडला. सकाळपासून त्या मुलीला चूक सापडत नव्हती.

श्रीनिवासरावांनी चष्मा सारखा केला. दोन मिनिटांत म्हणाले, "सातवी ओळ. अवतरण बंद केलेलं नाही. लागले का कुठे रंग?"

माणूस हुशार, मी कुठे नाही म्हणते?

दीपमालाने रंग चालू केले. मी पोळ्या सोडून मागे येऊन उभी राहिले. वर निळंहिरवं सगळं जागच्या जागी आणि मधूनच थेट तळापर्यंत नुसतं हिरवंगार.

"इथे कुणी झाकण लावायचं विसरलंय का गं?" मी बोट ठेवलं.

सातवीच ओळ होती.

"काकू, हा योगायोग झाला."

"योगायोग नव्हे, डोळे. तुमच्या गाठीला पंधरा वर्षं आहेत. त्या पोरीची परीक्षा परवावर आलीय."

"बरं, जुन्या सभासदांचं मत घेऊ."

"ज्यांचं अडत नाही, त्यांचं?" दीपमालाने बटण दाबलं. "सुरू केलं. नको असेल त्याने आपल्यापुरतं बंद करावं."

"फोरम माझा आहे! घरी जाऊन काढून टाकेन."

"काढा. मग उद्यापासून सगळ्यांना उत्तरंही तुम्हीच द्या. मी नाही."

श्रीनिवासरावांनी पडदा जवळ ओढला.

"निळा जरा डोळ्यांना खुपतो," अखेर म्हणाले.

"बदलता येईल," दीपमाला म्हणाली.

"काही बदलायचा नाही," मी म्हटलं.