सातकाम्याचं टोक

फ्रेममध्ये काच, चित्र आणि पुठ्ठा बसवल्यावर ते मागून निसटू नयेत म्हणून जे बारीक, बिनडोक्याचे खिळे लाकडात सरकवतात, त्यांना त्या दुकानात चुका म्हणत. "दोन चुका दे गं." "ही चूक काढ, वाकडी गेलीय." "सरळ बसली तर ती चूक नाही आणि वाकडी बसली तर ती चूक!" हे शेवटचं वाक्य टिकलीच्या आत्याचं. ते बोलून स्वतःच हसायची तिला भारी सवय. आणि या सुट्टीत दुकानातल्या वाकड्या चुका झाडून साऱ्या टिकलीच्या होत्या.

टिकली म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीत फट्कन फुटते ना, ती. शाळेत तिचं वेगळं चांगलं नाव होतं, पण घरात ते कुणाच्या तोंडी बसलंच नाही, कारण पोरगी फुटायची फार. या वर्षी तर ती शाळेच्या वादविवादात सगळ्यांना गार करून आली होती आणि तिला वाटू लागलं होतं की जगात आपल्याला येणार नाही असं काहीच नाही. आणि नेमकं हे येत नव्हतं! वीतभर हत्यार आणि नखाएवढा खिळा!

हत्यार म्हणजे सातकाम्या. आत्याने तरुणपणी लोहाराकडून घडवून घेतलेला, चुका दाबायला दुकानात तेवढा एकच. लाकडी मूठ आणि पुढे पोलादी पातं. पात्याच्या टोकाने चूक दाबून लाकडात सरकवायची, कारण हातोडीचा दणका काचेला सोसत नाही. एका कडेला खाच, तिने वाकडी चूक उपटायची. दुसऱ्या कडेला धार, मागचा कागद कापायला. मधे भोक, त्यात टांगायचा आकडा अडकवून पिळायचा. मुठीचा बुंधा ठोकाठोकीला. मोजली तर कामं पाचच भरतात. सहावं काम म्हणजे आत्याची पाठ खाजवणं आणि सातवं म्हणजे टिकलीकडे रोखून "काचफोडे!" म्हणणं.

काचफोडी हे नाव आत्याने सुट्टीच्या पहिल्याच आठवड्यात ठेवलं. टिकली चूक टोकाखाली धरायची, श्वास रोखायची, दाबायची, आणि टोक घसरून चूक भलतीकडे पळायची. कधी ती वाकायची, कधी पुठ्ठा फाडायची आणि कधी काचेच्या कडेला जाऊन भिडायची. मग कट्. तो आवाज टिकलीला झोपेतही ऐकू यायला लागला होता.

"राहू दे," बाबा काउंटरवरून म्हणायचे. "आपल्या घराण्यात वळण तुझ्या आत्याच्या हाताला तेवढं आहे. मीही त्या टेबलावर बसायचो एके काळी. इतक्या काचा फोडल्या की शेवटी इथे येऊन बसलो. गिऱ्हाइकांशी गोड बोलायला वळण लागत नाही."

बाबांना हे सांगताना लाज कशी वाटत नाही, याचंच टिकलीला नवल वाटे. तिला काउंटरवर बसायचं नव्हतं. तिला ते टेबल हवं होतं, खिडकीजवळचं, भुश्शाचा आणि सरसाचा वास येणारं. पण त्या दिवशी आणखी एक काच गेली, जाता जाता टिकलीचा उजवा अंगठा कापून गेली, आणि बाबा कधी नव्हे ते कडक आवाजात म्हणाले, "बास. आता आणखी एक फुटली की तू माझ्या शेजारी. कागदात बांधून द्यायचं काम. त्यात फुटण्यासारखं काही नाही."

"तिच्या हातात कागदही फुटेल," आत्या म्हणाली आणि हसली.

दुपारी आत्या फ्रेमच्या लाकडी पट्ट्या आणायला गेली. टिकली टेबलाशी बसून राहिली, अंगठ्याला जाडजूड पट्टी आणि डोक्यात नुसती आग. समोर टाकाऊ पट्ट्यांची एक फ्रेम पडली होती. उजव्या हाताला मूठ धरवेना, म्हणून तिने सातकाम्या डाव्या हातात घेतला. शिकायला नाही. रागाने. एकदा तरी त्या चुकेला लाकडात कोंबायचंच म्हणून.

चूक गेली. सरळ.

टिकलीने दुसरी लावली. तीही गेली, गप्पकन, जणू लाकूड तिची वाटच बघत होतं. तिसरी, चौथी. टिकली आयुष्यात डाव्या हाताने धड कंगवा फिरवू शकली नव्हती आणि इथे चुका मुंग्यांसारख्या रांगेत जाऊन बसत होत्या! तिने सातकाम्या उजेडात धरला. टोक सरळ नव्हतं. तिरकं घासलेलं होतं, अगदी किंचित. डावा हात फ्रेमकडे जितका कलून येतो, तितकंच ते उलट बाजूला कललेलं, म्हणजे दोन्ही मिळून सरळ. उजव्या हातात मात्र हाताचा आणि टोकाचा कल एकाच बाजूला पडे आणि चुकेला भलत्या दिशेला ढकले. पातं उलटं करून धरलं तर टोक पुठ्ठ्यावर टेकतच नव्हतं.

आत्या डावखुरी होती. हे साऱ्यांना ठाऊक होतं, जसं भिंतीचा रंग ठाऊक असतो तसं. त्याचा कुणी विचारच केला नव्हता.

आत्या पट्ट्या खाली ठेवते न ठेवते तोच टिकली फुटली. "आत्या, हा डाव्या हाताचा आहे!"

"कोण?"

"सातकाम्या! टोक तिरकं घासलंय!"

आत्याने पदराने घाम पुसला. "मग? मी डावखुरी. माझं हत्यार उजव्या हाताचं कसं असेल?"

"म्हणजे तुला माहीत होतं!"

"मीच घासलंय. मला नाही तर काय शेजाऱ्याला माहीत असणार?"

"आणि तू मला काचफोडी म्हणत होतीस!"

"फोडत होतीस म्हणून म्हणत होते. जोडली असतीस तर काचजोडी म्हटलं असतं."

"सांगितलं का नाहीस?"

"मला कुणी सांगितलं होतं?" आत्या पट्ट्या लावायला लागली होती, पाठमोरी. "ज्याचं त्याला कळतं. तुलाही कळलंच की. चल, हो बाजूला, मला बसायचंय."

मला बसायचंय! वादविवादातली ढाल घरी शोकेसमध्ये होती आणि इथे साधं "तू लबाड आहेस" म्हणता येईना. काचेगणिक खाल्लेली बोलणी, उशीत तोंड खुपसून काढलेल्या रात्री, स्वतःवर मारून घेतलेला धांदरटपणाचा शिक्का, आणि ही बया सगळं जाणून पाठ खाजवत बसली होती!

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या यायच्या आत टिकलीने सातकाम्या उचलला आणि कोपऱ्यावरच्या धारवाल्याकडे नेला. धारवाला पायाने चाक फिरवत एका शिंप्याची कात्री घासत होता.

"हे टोक उलट्या बाजूला तिरकं करून हवंय."

त्याने अंगठा फिरवून पाहिलं. "चांगलं लागलेलं आहे की. उलटं कशाला करतेस?"

"उलटंच आहे ते. सुलटं करायचंय."

"पोरी, पाणी देऊन कडक केलेलं पोलाद टोकाला नखाएवढंच उरलंय. एकदा घासलं की परत फिरवता यायचं नाही. हत्यार कुणाचं?"

"घरचं," टिकली म्हणाली. आणि ते खोटं नव्हतं, म्हणून तिला आणखीच राग आला. "घासा."

ठिणग्या उडाल्या. तिला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं.

त्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम होतं. नव्या दवाखान्यासाठी दातांची मोठमोठी चित्रं, हसणाऱ्या दाढा, हिरड्यांचे नकाशे, आणि संध्याकाळी त्या स्वतः न्यायला येणार होत्या. आत्याने पहिली दाढ पालथी घातली, चूक लावली, न बघताच सातकाम्या उचलला आणि दाबला.

चूक सटकली. आत्याने ती उपटून पुन्हा लावली. पुन्हा सटकली. टिकली कागद कापता कापता तिरक्या नजरेने बघत होती. आत्याने तिसऱ्यांदा जरा जोर लावला.

कट्.

बाबांनी सवयीने, मान वर न करताच म्हटलं, "टिकले, झालं! ये इकडे!"

"मी नाही," टिकली म्हणाली. "आत्याने फोडली."

आता मात्र मान वर झाली. आत्या सातकाम्या डोळ्यांजवळ धरून बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मी. उलटं होतं, सुलटं केलं."

थप्पड पडेल असं टिकलीला वाटलं. तिने गालही तयार ठेवला होता. पण आत्या उठलीच नाही. "काय म्हणालीस?" ती म्हणाली, अगदी हळू. "पुन्हा म्हण."

टिकलीने हातातला कागद घट्ट धरला.

"सुलटं! आमचे मास्तरही हेच म्हणायचे. माझा हा हात खुर्चीला बांधून ठेवायचे, पोरीला सुलटं करायचंय म्हणून. तुझे आजोबा मला या टेबलापाशी फिरकू देत नव्हते. उलट्या हाताची पोर, काच फोडेल! दुकानातलं एक हत्यार माझ्या हातात बसत नव्हतं. कात्री नाही, करवत नाही, काही नाही. मग हे एक घडवून घेतलं. उभ्या जगात एक! आणि तू ते घासून आणलंस?"

"मग मला तसंच का केलंस तू?" टिकली ओरडली. कापलेला कागद हवेत उडाला. "तुला ठाऊक होतं कसं वाटतं ते! सगळ्यांत जास्त तुलाच ठाऊक होतं! आणि तू हसत होतीस!"

"थांबा, थांबा," बाबा काउंटरमागून बाहेर आले. एरवी ते भांडण सोडवायला धावत, पण या वेळी त्यासाठी आले नव्हते. त्यांनी बहिणीच्या हातातून सातकाम्या घेतला. "हा डाव्या हाताचा होता?"

त्यांनी टोकावरून अंगठा फिरवला.

"मी काचा फोडल्या त्या याच्याच पायी?"

"तू कधी विचारलंस?" आत्या म्हणाली.

"अगं, मला वाटलं मलाच येत नाही! इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना हसून हसून सांगतोय की माझ्या हाताला वळण नाही!" बाबांचा आवाज चिरकला. टिकलीने त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. "सख्खा भाऊ ना मी तुझा?"

"सांगितलं असतं तर टेबल तुला मिळालं असतं!" आत्या आता उभी राहिली. "मुलगा तू, उजव्या हाताचा तू. आणि मी? मी काउंटरवर बसून गोड बोलले असते? मला येतं का गोड बोलता?"

हे अगदी खरं होतं. टेबलावरून दाढा हसत होत्या.

बाबांनी सातकाम्या टेबलावर आपटला आणि ते मागच्या खोलीत निघून गेले. आत काहीतरी जोरात खाली पडलं. पाडलं असावं.

आत्याने काचेचे तुकडे गोळा केले, नवी काच कापली आणि फ्रेममध्ये ठेवली. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. तिच्या बोटांना करण्यासारखं काही नव्हतं, आणि ती बोटं तशी रिकामी पाहणं टिकलीला सोसेना. वाईट वाटण्याचाही तिला रागच आला. आपण भांडणात बरोबर आहोत, तर मग हे असं का वाटतंय?

"सरक," ती म्हणाली.

"काय?"

"सरक म्हटलं. डॉक्टरीणबाई येतील. तुला येणार नाही आता. मला येईल."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग स्टूल ओढून बाजूला बसली. इंचभरच, पण बसली.

टिकलीने अंगठ्यावरची पट्टी काढून फेकली. सातकाम्या उजव्या हातात धरला, चूक लावली, दाबली. गेली. सरळ. सुट्टीभर जिच्यासाठी जिवाचं रान केलं ती गोष्ट घडली आणि कुणी शाबास म्हणालं नाही.

"घाई करू नकोस," आत्या गुरकावली. "कोपऱ्याच्या फार जवळ लावतेस. लाकूड चिरेल."

"माझ्या चुका काढू नकोस."

"काढणार. वाकडी बसली की काढणार. मनगट खाली घे. आणखी खाली. ते मनगट आहे की बगळ्याची मान?"

टिकलीने मनगट खाली घेतलं. चूक जास्त चांगली गेली. हे कबूल करण्यापेक्षा तिने जीभ चावून घेतली.

एक दाढ झाली, दुसरी झाली. मागच्या खोलीतली आदळआपट थांबली. आत्या पुठ्ठे हातात देत होती, देताना प्रत्येक पुठ्ठा आपटत होती.

"लोहाराकडे जायचं," ती अखेर म्हणाली. "नवा घडवून आणायचा. डावा. टोक तू घासायचंस, माझ्यासमोर, कानशीने. बोटं सोलवटली तरी घासायचं. मला हवं तसं होईपर्यंत."

"घासेन."

"आणि रडायचं नाही."

"मी नाही रडत. पण आधी म्हण, मी धांदरट नाही."

"कशाला म्हणू?"

"म्हणच! बाबांना ऐकू जाईल असं म्हण!"

आत्याने हिरड्यांचा नकाशा टेबलावर पालथा घातला आणि त्याच्या चारी कडा दाबून पाहिल्या. मग मागच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून ती ओरडली, "धांदरट नाहीये ही पोरगी! ऐकलंस का रे? धांदरट नाही! दुष्ट आहे, दुष्ट!"

"चालेल," टिकली म्हणाली आणि तिने पुढच्या चुकेसाठी हात पसरला.