छडी नसलेली शाळा

प्राध्यापकांच्या पदरात काय काय पडणार होतं, ते आधी पाहू. विभागप्रमुखाची खुर्ची, जिच्यावर त्यांचा डोळा ती रिकामी होण्याच्या आधीपासून होता. शिक्षण-मानसशास्त्राच्या अधिवेशनात जागा, तीही श्रोत्यांत नव्हे, व्यासपीठावर. वर्तमानपत्रात फोटो. आणि सगळ्यांत मोलाचं म्हणजे सासरेबुवांचं तोंड बंद होणं. "पोरं भांडतात किती, हे मोजायला तुम्हाला पगार देतात होय?" असं ते दर भेटीत विचारत आणि वर हसतही. हे सगळं मिळवण्यासाठी प्राध्यापकांना स्वतःला फारसं काही करायचं नव्हतं. एका वर्गातल्या मुलांनी सत्र संपेपर्यंत नीट वागायचं होतं, एवढंच.

ती शाळा नावाजलेली. नवा पालक आला की मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, एकच वाक्य ऐकवायच्या, "आमच्याकडे छडी नाही." खरंच नव्हती. छडीच्या जागी अबोला होता. मुलानं चूक केली की वर्गातलं कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला खेळात घ्यायचं नाही, त्याच्या डब्यात हात घालायचा नाही. जो बोलेल त्यालाही अबोला. चूक सगळ्यांसमोर कबूल करून माफी मागितली की शिक्षा संपली. तोवर घरच्यांनीही कामापुरतंच बोलावं, अशी पालकांना नम्र विनंती असे. पालक खूश. अंगावर वळ नाही, वर्गात गोंगाट नाही, आणखी काय हवं?

या पद्धतीचा मुलांच्या सामाजिक वर्तनावर काय परिणाम होतो, हा प्राध्यापकांचा विषय. मागच्या बाकावर बसून ते भांडणं, ढकलाढकली, चुगल्या यांच्या खुणा वहीत करत. खुणा कमी कमी होत चालल्या होत्या आणि खुर्ची जवळ जवळ येत होती. आपलंच मूल ज्या वर्गात आहे तो वर्ग अभ्यासाला घेऊ नये, हे ते विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत. पण हा वर्ग घराजवळ होता.

त्यांची मुलगी त्याच वर्गात होती. घरात तिचं नाव टकळी. सकाळी डोळे उघडायच्या आधी तिचं तोंड उघडे. तिची आई इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर कामाला. दिवसभर लोकांचे प्रश्न ऐकून घरी आली तरी टकळीच्या प्रश्नांना ती कंटाळत नसे.

एके सकाळी आईची पहिली पाळी होती, म्हणून वेणी घालायचं काम बापाकडे आलं.

"बाबा, ते कुलूपवाले काका आहेत ना, त्यांच्या मुलीशी अजून कुणी बोलत नाही."

"माफी मागेल, मग बोलतील. मान सरळ ठेव."

"पण मायक्रोस्कोपची काच तिनं फोडलीच नाही."

"सामान आवरायला तीच होती ना शेवटी? मग तुला काय माहीत?"

टकळीनं आरशातून बापाकडे पाहिलं. "मी फोडली. माझा हात लागला. तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं."

प्राध्यापकांचा हात वेणीतच थांबला. माणूस वाईट नव्हता, पण हिशेबाला पक्का. आज सांगितलं तर काय होईल? निरपराध मुलीला शिक्षा झाली हे उघड होईल. सत्रभराच्या खुणा पाण्यात जातील. मोठ्या बाई विचारतील, कुणाची मुलगी? आणि नाही सांगितलं तर? ती पोरगी कंटाळून माफी मागेल, सगळेच मागतात. कुणाचं काय बिघडलं?

"हे बघ बेटा, आत्ता मध्येच बोललीस तर सगळा घोळ होईल. सत्र संपू दे. मग आपण दोघं जाऊन सांगू. नक्की."

"आईला सांगू?"

"आईलाही नको. आपलं दोघांचं."

"मग ती तोपर्यंत काय करणार?"

"ती काय, मजेत आहे. कुणी मारतंय का तिला?"

त्या दिवशी वेणी वाकडी झाली आणि टकळीनं तक्रार केली नाही.

कुलूपवाल्याची मुलगी सुरुवातीला भांडली. "मी नाही फोडली, नाही फोडली, नाही फोडली," असं बाकावर हात आपटत म्हणायची. कुणी वर पाहत नसे. मग ती फळ्यावरच्या गणिताची उत्तरं मोठ्यानं सांगू लागली, कुणी तरी ऐकेल म्हणून. मग स्वतःशीच पुटपुटायला लागली. मग तेही थांबलं. मधल्या सुट्टीत ती भिंतीला पाठ लावून उभी राही आणि चेंडू पायाशी आला तर पाय मागे घेई.

प्राध्यापकांनी तिच्या नावापुढे पाहिलं. भांडण नाही, आदळआपट नाही. "कमालीची सुधारणा," ते सहकाऱ्यांना म्हणाले. त्यांनी भांडणाला रकाना ठेवला होता, चुगलीला ठेवला होता. मूल हसलं का, त्यानं काही विचारलं का, याला रकाना नव्हता. गप्प बसलेलं मूल सुधारलेलं धरायचं, हे त्यांनी कुठे लिहिलं नव्हतं. ते त्यांनी गृहीत धरलं होतं.

घरीही एक जण सुधारत होती.

"आज टकळी बंद कशी?" आईनं कपाळाला हात लावून पाहिला. "घसा दाखव बघू."

"मोठी होतेय ती," प्राध्यापक पेपराआडून म्हणाले.

"मोठी होतेय की आजारी पडतेय? तुम्ही बसता ना तिच्या वर्गात? का तिथं फक्त दुसऱ्यांची पोरं दिसतात?"

"आई, काही नाही गं," टकळी म्हणाली आणि अंगावर पांघरूण ओढून घेतलं.

सत्र संपत आलं आणि एके दिवशी कुलूपवाल्याची मुलगी आपण होऊन उठली, फळ्यासमोर जाऊन उभी राहिली. न केलेल्या चुकीची माफी मागायला ती तयार झाली होती. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"मोठ्यानं बोल," वर्गशिक्षिका म्हणाल्या.

ओठ पुन्हा हलले. मानेच्या शिरा ताणल्या. मागून कुणी तरी फिसकन हसलं. माफी ऐकू आली नाही, म्हणून शिक्षाही सुटली नाही. टकळी खाली मान घालून बाकाची कड नखानं खरवडत राहिली.

पुढच्या रविवारी कुलूपवाला प्राध्यापकांच्या दारात आला. धुतलेला शर्ट, बोटांच्या रेघांत लोखंडाचा काळा रंग. टकळीच्या आईनं त्याला बसवलं, चहा दिला. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला.

"साहेब, तुम्ही मनाचं शिकवता म्हणून आलो. पोरगी बोलत नाही. म्हणजे एक अक्षर नाही."

"होतं असं कधी कधी," प्राध्यापक म्हणाले. "स्वभावच जरा अंतर्मुख असेल."

"छे हो! दुकानात गिऱ्हाइकाला ऐकत नव्हती. भावात मी जरा मागं आलो तर मला दटावायची." तो हसला, मग कप बाजूला सरकवला. "आमचंच चुकलं असेल. शाळेनं सांगितलं, कामापुरतं बोला. मी तेवढंही बोललो नाही. म्हटलं, बापानं ढिलाई केली आणि पोरगी वाया गेली, असं नको व्हायला. माझ्या बापानं मला पट्ट्यानं फोडलंय, साहेब. मी तिला बोट लावलं नाही. एकदाही नाही."

चहावर साय धरली होती.

"ती यायची, माझ्या शेजारी उभी राहायची. मी कानस चालूच ठेवायचो. वर बघितलं असतं तर बोललो असतो ना, म्हणून बघायचोच नाही. आता मी बोलतो. आता दिवसभर बोलतो. तीच बोलत नाही."

"थोडा वेळ द्या," प्राध्यापक म्हणाले. "ही मधली अवस्था असते."

आतल्या खोलीचं दार उघडलं. टकळी बाहेर आली, बापाकडे न बघता थेट कुलूपवाल्यासमोर उभी राहिली.

"काका, काच मी फोडली. बाबांना माहीत होतं."

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"तुला त्यातलं कळत नाही. मध्येच हस्तक्षेप केला असता तर सगळा अभ्यास..."

"अभ्यासाचं विचारत नाहीये मी. कधीपासून?"

प्राध्यापकांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कुलूपवाला ओरडला नाही. त्यानं टकळीच्या डोक्यावर हात ठेवला, "बरं केलंस बाळ," म्हणाला. मग प्राध्यापकांकडे वळून, खरंच उत्तर हवं असल्यासारखं विचारलं, "मग मी कशासाठी गप्प बसलो होतो, साहेब?"

टकळीच्या आईनं पायात चपला घातल्या आणि मुलीला घेऊन त्याच्याबरोबर निघाली.

दुकानाच्या मागच्या खोलीत ती मुलगी बसली होती. टकळीचा बांध फुटला. "मी फोडली गं, मी सांगणार होते, उद्या सगळ्यांना सांगते, माझी पेन्सिल घे, दोन्ही घे, तू माझ्याशी भांड ना..." मुलीनं पटकन मान वळवून रस्त्याकडे पाहिलं. वर्गातलं कुणी बघत नाही ना? मग पुढे होऊन तिनं टकळीच्या तोंडावर आपला तळवा घट्ट दाबला. आपल्याशी बोलणाऱ्यालाही अबोला होतो, हे ती विसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी टकळीनं वर्गात उभं राहून सगळं सांगितलं. तिची आई तेव्हा मोठ्या बाईंसमोर उभी होती.

"माझी मुलगी अबोल्यात बसणार नाही आणि दुसऱ्या कुणाला बसवायला मदतही करणार नाही."

"मग काय, परत छडी आणू आम्ही?"

"बाई, मारणं आणि वाळीत टाकणं, याखेरीज तिसरं काही सुचत नसेल, तर मुलं तुमच्याकडे पाठवायची कशाला?"

टकळीची आई पाळी संपवून अबोल्याविरुद्धचा अर्ज घेऊन घरोघरी गेली. काही पालकांनी सह्या केल्या. बरेच जण दारातूनच म्हणाले, "आमच्या मुलाला तर फायदाच झाला." शाळेनं अबोला बंद केला आणि 'विचाराची वेळ' सुरू केली. त्या वेळेत विचार करणाऱ्या मुलाशी कुणी बोलायचं नसतं.

आता जमाखर्च. काच फुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी नवी बसली होती. मोठ्या बाईंची शाळा नावाजलेलीच राहिली. प्राध्यापकांना खुर्ची मिळाली. त्यांच्या निबंधात एका मुलीचं आक्रमक वर्तन पूर्ण थांबल्याचं उदाहरण आहे, आणि त्यातला एकही शब्द खोटा नाही. बायको आपल्याशी बोलणं टाकेल, असं त्यांना वाटलं होतं. तेवढी सूट तिनं दिली नाही. ती रोज चहा पुढे ठेवताना विचारते, "कुलूपवाल्यांकडे कधी जाताय?" टकळी बोलते, पण आधी आजूबाजूला बघून.

कुलूपवाला मुलीशी सतत बोलतो. कुठलं कुलूप कुणाचं, कोण काय म्हणालं, सगळं सांगतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर थोडा थांबतो. त्यानं तिला दुसऱ्या शाळेत घातलं आहे. परवा तिथल्या शिक्षिकेनं त्याला मुद्दाम थांबवून सांगितलं, "किती गुणी आहे हो तुमची मुलगी! वर्गात आहे की नाही, कळतसुद्धा नाही."